लिलावात जुना नेमबाज वॉल्टर वायनन्सची म्हणून स्मिथ अँड वेसनची जुनी टार्गेट रिव्हॉल्व्हर आली आहे. नावासाठी जास्त पैसे द्यावेत का?

नाही. एक पेनीसुद्धा देऊ नका. याच नावापायी २०१४ साली मी आठशे पौंड जास्तीचे मोजलेत, म्हणून जरा तडकून लिहितोय.

तुम्ही इंग्लंडात आहात, तेव्हा विकणाऱ्यानं "ऑलिंपिक सुवर्णविजेता" वगैरे ऐकवलंच असेल. मलाही ऐकवलं होतं. सुवर्ण मिळालं हे खरं, १९०८ साली. पण ते रायफलनं, पळत्या हरणाच्या लक्ष्यावर. दुसरं मिळालं १९१२ ला स्टॉकहोममध्ये, घोड्याच्या ब्राँझच्या शिल्पासाठी! तेव्हा कलेलाही ऑलिंपिक पदकं असत. रिव्हॉल्व्हर हा त्याचा जीव की प्राण होता, बिस्लीच्या नेमबाजी स्पर्धांत वर्षानुवर्षं बक्षिसं मारली, १९०१ साली त्यावर पुस्तक लिहिलं, सगळं मान्य. पण त्या पदकांशी रिव्हॉल्व्हरचा काडीचा संबंध नाही. शिवाय घरात रेल्वेच्या धंद्यातला बक्कळ पैसा. असा माणूस एका रिव्हॉल्व्हरवर थांबतो होय? एखादी त्याची असली तरी ती 'एकमेव' कशी?

माझी गोची वेगळ्याच कारणानं झाली. पुण्यात एलएलबीला डोमिसाइल, म्हणजे कायद्याच्या नजरेत माणसाचं कायमचं घर कुठलं ते, शिकवताना वायनन्सचा खटला हमखास येतो. तो वायनन्स म्हणजे याचा बाप, विल्यम. १८६० मध्ये तब्येतीसाठी इंग्लंडात आला, १८९७ मध्ये तिथंच मेला. सदतीस वर्षं! तरी १९०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, ठरवलं की याचं डोमिसाइल इंग्लंडचं झालंच नाही. गड्याला इंग्लंडचा मनापासून तिटकारा, आणि डोक्यात सिगारच्या आकाराची जहाजं बांधून इंग्रजांचा सागरी व्यापार मोडायचं खूळ. आमच्या सरांनी ते जहाज फळ्यावर काढून दाखवलं होतं. मुलगा जन्मला सेंट पीटर्सबर्गला, आयुष्य काढलं इंग्लंडात, ऑलिंपिक खेळला अमेरिकेकडून, आणि १९२० साली लंडनमध्ये घोडागाडीच्या शर्यतीत गाडी हाकता हाकताच गेला. अशा घराण्याचं नाव जुन्या हत्यारांच्या जत्रेत कानावर पडल्यावर मी विरघळलो. न्यू मॉडेल नंबर थ्री, .४४ रशियन काडतुसाची, साडेसहा इंची नळी. मोडून उघडली की काडतुसं बाहेर फेकणारा ताऱ्याच्या आकाराचा भाग असा काही वर येतो की बघत राहावं.

रात्री व्हिडिओ कॉलवर दादाला दाखवली. थोरला भाऊ, पुण्यात तीस वर्षं दिवाणी वकिली.

"कागद?"

"विकणाऱ्यानं लिहून दिलंय."

"त्याला कुणी लिहून दिलं?"

मी गप्प. मग कंपनीच्या जुन्या नोंदींवरून मिळतं ते पत्र मागवलं. त्यात निघालं, १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडे रवाना. बस्स. दादा म्हणाला, "तुझ्याच खटल्यात काय ठरलं? डोमिसाइल बदललं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. तिथं ते म्हणणारं सरकार होतं, त्याला जमलं नाही, सरकार हरलं. तुझा विक्रेता कोण लागून गेला?" तेव्हापासून दर दिवाळीला फोनवर पहिलं वाक्य, "काय, वायनन्स बरे आहेत ना?"

दादा, हे वाचत असलास तर ऐक. पत्रात मालकाचं नाव नाही यानं काहीच सिद्ध होत नाही. कारखाना माल व्यापाऱ्याला पाठवायचा, गिऱ्हाइकाचं नाव क्वचितच उतरायचं. मला पाडलं ते तुझ्या कागदानं नाही, सिलिंडरनं, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्यानं. इंग्लंडात त्या काळी दुकानातून विकल्या गेलेल्या रिव्हॉल्व्हरवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफच्या, म्हणजे हत्यार सरकारमान्य चाचणीत टिकल्याच्या, खुणा सापडायला हव्यात, सिलिंडरवर तर चेंबरागणिक, म्हणजे काडतुसाच्या प्रत्येक भोकाला एक. माझ्या सिलिंडरवर एकही नाही. म्हणजे बहुधा तिनं उभं आयुष्य अमेरिकेत काढलं. हे मी शोधलं, तू नाही.

तेव्हा तुम्ही आधी त्या खुणांचे फोटो मागवा. मुठीच्या तळचा नंबर आणि सिलिंडरच्या मागच्या तोंडावरचा नंबर जुळतो का पाहा.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: कॅलिबर विचारा. .४४ रशियन असेल तर ब्रिटनच्या २०२१ च्या नियमांत ते जुनाट काडतुसांच्या यादीतून वगळलंय. आता 'अँटिक' म्हणून विनापरवाना ठेवता येत नाही. मलाही अर्ज करावा लागला. पोलिसांचा माणूस घरी येऊन हत्यारासाठी भिंतीत ठोकलेलं कपाट हलवून बघून गेला. टार्गेट मॉडेलं .३२-४४ आणि .३८-४४ मध्येही निघत, त्यांचं आजच्या यादीत काय ते तपासूनच बोली लावा. पुढेमागे भारतात न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ४५ मधली जुन्या हत्यारांची सूट फक्त दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला आहे, आणि ही शंभर वर्षांनंतरही उडेल.

मी व्यापारी नाही, किमतीचं मला विचारू नका. चेंबरवर खुणा निघाल्या तर मात्र फोटो मलाही पाठवा. दादाला दाखवायचाय.