सायनसमुळे चेहरा जड झालाय, वाफ घेऊनही फरक नाही. घरी आणखी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की सर्दीला सहा दिवस झाले, दोन्ही गाल आणि भुवयांच्या मधली जागा जड झालीय, चप्पल घालायला खाली वाकलं तरी ठणका लागतो, दिवसातून चार वेळा वाफ घेऊनही आराम नाही. रविवारी विमानाने बंगळूरला जायचंय, तेव्हा मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेऊ का, असं विचारलंय. तर अँटिबायोटिक आज नको. का नको ते पुढे सांगते. मी डॉक्टर नाही, नाशिकला शाळेत शिकवते. पण या दुखण्यात मी जवळजवळ पंधरा वर्षं काढलीत आणि त्यातली बरीच चुकीच्या उपायांत गेली. तुमची तशी जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

आपण 'मला सायनस आहे' म्हणतो, पण सायनस सगळ्यांनाच असतात. चेहऱ्याच्या हाडांमधल्या त्या हवेच्या पोकळ्या. गालांत एकेक मोठी, कपाळात दोन, दोन डोळ्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक, आणि पार आत, नाकाच्या मागे आणखी एक जोडी. प्रत्येक पोकळीचं एक लहानसं दार नाकात उघडतं. आतलं अस्तर सतत पातळ शेंबूड तयार करतं आणि त्यावरचे सूक्ष्म केस तो ढकलत ढकलत दारापर्यंत नेतात. आता गंमत बघा, गालातल्या पोकळीचं दार तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. घरच्या टाकीचा नळ तळाशी असतो, म्हणून पाणी आपोआप येतं. इथे फक्त वरचा ओव्हरफ्लोचा पाइप आहे असं समजा. सगळा माल त्या केसांना वर चढवून न्यावा लागतो. सर्दीत अस्तर सुजलं की आधीच अरुंद असलेलं ते दार बंद होतं, केसही मंदावतात, आणि आतलं आत अडकतं. जडपणा येतो तो यामुळे.

म्हणून जोर लावून उपयोग नाही. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं तर शेंबूड उलट पोकळीत ढकलला जातो. एकेक नाकपुडी, हळू.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, म्हणजे जलनेतीचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मीठ कमी पडलं होतं आणि पोहताना नाकात पाणी गेल्यावर जशी डोक्यापर्यंत झिणझिणी जाते तशी गेली. मी ते तिथेच सोडलं आणि पुढची दोन वर्षं त्याच्या वाटेला गेले नाही. चूक फक्त मिठाच्या प्रमाणात होती. पाव लिटर पाण्याला सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ, आणि चिमूटभर खायचा सोडा. एवढं असलं की झोंबत नाही. मीठ आयोडीन नसलेलं घ्या. मोजायचं नसेल तर मेडिकलमध्ये तयार पुड्या मिळतात. पाणी मनगटावर टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे.

बेसिनवर पुढे वाका, मान एका बाजूला कलती करा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या आणि वरच्या नाकपुडीत नेतीपात्राची चोच लावा. घाई केली नाही तर थोड्या वेळात खालच्या नाकपुडीतून धार सुरू होते. मधूनच एखादा घट्ट पिवळट गोळा बाहेर पडतो आणि त्या क्षणी गालातला ताण सैल झाल्यासारखा वाटतो. मग दुसरी बाजू. नाक पूर्ण चोंदलेलं असेल किंवा कानात दडा बसायला लागला तर थांबा, रेटू नका. दिवसातून दोनदा पुरे.

आणि पाण्याच्या बाबतीत माझं हात जोडून सांगणं आहे. नळाचं पाणी तसंच नाकात घालू नका, फिल्टरचं असलं तरी. आधी खळखळून किमान एक मिनिट उकळा, झाकून निववा. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात नळाचं पाणी नेतीपात्रात वापरल्यामुळे दोघांचा मृत्यू झाला होता. नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकावाटे थेट मेंदूपर्यंत गेला. तेच पाणी प्यायलं तर हा अमिबा काही करत नाही, नाकात गेलं तरच धोका. हे फार क्वचित घडतं, पण झालं की बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. एक मिनिट गॅस जास्त जळला तर जळू द्या. पात्रही रोज धुऊन कोरडं करून ठेवा.

वाफेबद्दल. वाफेने बरं वाटतं, घ्यायला हरकत नाही. पण ती बंद दारातून पोकळीत शिरत नाही आणि सूजही उतरवत नाही, त्यामुळे दोनाची चार वेळा केल्याने काही वाढत नाही. त्यापेक्षा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर आणि डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवून बघा. माझी आई तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीने शेकायची, तेही सुखाचं वाटतं. बामाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते मेंथॉलच्या गारव्यामुळे, वाट तेवढीच अरुंद राहते. घरात लहान मूल असेल तर उकळत्या पाण्याचं पातेलं पलंगावर कधीही ठेवू नका, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कापूर नको.

रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. दुखण्याला पॅरासिटॅमॉल चालतं, फक्त सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा तेच असतं, तेव्हा दोन्ही एकदम घेऊ नका. बीपी असेल तर सर्दीच्या गोळ्या विचारूनच.

आता नाक मोकळं करणारे थेंब. इथे मी चांगलीच अडकले होते. एका मेडिकलवाल्याने झायलोमेटाझोलिनचे थेंब दिले, दोन मिनिटांत नाक मोकळं, मला देव भेटल्यासारखं झालं. किती दिवस घ्यायचे ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चार महिन्यांनी अशी अवस्था होती की बाटली उशीखाली लागायची, रात्री दोनला नाक पूर्ण बंद होऊन जाग यायची आणि अंधारात चाचपडत मी थेंब घालायची. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की नाक आता थेंबांमुळेच बंद होतंय. आधी एका नाकपुडीतले थेंब थांबवले, मग दुसरीतले, सोबत स्टिरॉइडचा स्प्रे. पंधरा दिवस हाल झाले, पण सुटले. हे थेंब तीन ते पाच दिवस, बस.

त्याच भेटीत कळलं की 'नाकाचं हाड वाढलंय' हे जे मला वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, तसं काही वाढलेलं नव्हतं. मधला पडदा थोडा वाकडा होता, आणि तसा तो खूप जणांचा असतो.

अँटिबायोटिक का नको, तर अशा दुखण्याची सुरुवात बहुतेक वेळा विषाणूने होते आणि विषाणूवर ते चालत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले असंही नाही. दहा दिवस उलटूनही उतार नसेल, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा ताप आणि दुखणं उसळलं, किंवा सुरुवातीलाच १०२ च्या पुढे ताप, पूसारखा शेंबूड आणि चेहऱ्याचं दुखणं तीन-चार दिवस टिकलं, तर डॉक्टर त्याचा विचार करतात. तुमचा सहावा दिवस आहे.

दर महिन्याला असं डोकं धरत असेल, नाक फारसं वाहत नसेल, उजेड नको वाटत असेल, मळमळत असेल, तर ती अर्धशिशी असू शकते. माझ्या बहिणीने सहा वर्षं सायनस समजून वाफा घेतल्या, निघाली अर्धशिशी. एकाच गालात दुखत असेल आणि घाण वास येत असेल तर वरच्या दाढा दाखवा, त्यांची मुळं गालातल्या पोकळीला लागूनच असतात.

डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं, मान ताठणं, असह्य डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह असेल आणि गाल बधिर झाला किंवा नाकातून काळपट काही आलं तर तासाभराचाही उशीर नको. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने आपल्याकडे किती जणांचे डोळे गेले ते आपण पाहिलंय.

राहिलं विमान. विमान उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पोकळीचं दार बंद असलं तर तो आत पोचत नाही, आणि कपाळात सुरी खुपसल्यासारखं होतं. मला सर्दीत कसारा घाट उतरतानाही याची चुणूक मिळते. ताप असेल किंवा चेहरा आत्ताइतकाच ठणकत असेल तर तिकीट पुढे ढकला. बरं वाटत असेल तर निघण्याआधी नाक धुवा, आणि उतरण्याच्या अर्धा तास आधी तेच थेंब दोन्ही नाकपुड्यांत घाला, त्या दिवशी ते खरंच कामाचे आहेत. बीपी किंवा काचबिंदू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. विमान खाली यायला लागलं की झोपू नका, घोट घोट पाणी पीत राहा.