पहिला नाताळ ऑकलंडमध्ये: कामं जानेवारीवर टाका, माणसांकडे जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं नाशिकहून इथे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला येताय, व्हिसा हातात आलाय, 14 डिसेंबरचं तिकीट बघताय. आल्या आल्या घर शोधायचं, मिस्टरांनी मुलाखती द्यायच्या आणि मधल्या नाताळच्या सुट्टीत जमलं तर थोडं फिरून घ्यायचं. शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, सणाच्या दिवसांत परक्या गावात दोघंच असलं की जड जातं का? हा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलात, पण माझ्या मते बाकी सगळ्याचं उत्तर त्यातच आहे.

आधी तारखेचं बोलते. तिकीट काढलं नसेल तर 14 डिसेंबर सोडा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला या, नाहीतर जानेवारीचा तिसरा आठवडा धरा. सरकारी सुट्ट्या म्हणाल तर चारच, 25 आणि 26 डिसेंबर, 1 आणि 2 जानेवारी. पण इथे तेव्हा भर उन्हाळा असतो, शाळा जानेवारी संपेपर्यंत बंद, त्यामुळे 20 डिसेंबरच्या आसपास लोक गाडीच्या टपावर सर्फबोर्ड आणि मागे तंबू टाकून जे समुद्रावर जातात ते जानेवारीच्या मध्याशिवाय परतत नाहीत. नोकरीचा अर्ज बघणारा माणूस सुट्टीवर, घर दाखवणारा एजंट सुट्टीवर, प्लंबर सुट्टीवर. तुम्ही भाड्याच्या खोलीत बसून दिवसातून दहा वेळा ईमेल उघडाल आणि उत्तर येणार नाही. आपल्यात काही कमी आहे म्हणून कोणी उत्तर देत नाही, असं वाटायला लागतं. तसं काही नसतं. ऑफिसात माणूसच नसतो.

नोकरी आधीच ठरली असेल तरी एक गोष्ट विचारून घ्या: तुमची कंपनी डिसेंबरात बंद राहते का? बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा अशी सामुदायिक सुट्टी ठेवतात, 14 दिवस आधी कळवलं की झालं. पगारी वार्षिक रजा, वर्षाला 4 आठवडे, ही नोकरीला पूर्ण वर्ष झाल्यावर हक्काने मिळते. त्याआधी कंपनी बंद झाली तर सध्याच्या नियमाने तोवरच्या एकूण कमाईच्या 8 टक्के रक्कम हातात येते. माझा नवरा ऑक्टोबरच्या शेवटी रुजू झाला होता. कंपनी तीन आठवडे बंद राहिली. जेमतेम आठ आठवड्यांच्या कमाईचे 8 टक्के म्हणजे तीन-सव्वातीन दिवसांचा पगार, अधिक त्या चार सरकारी सुट्ट्यांचा. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि घरभाडं तर दर आठवड्याला जायचंच. तेव्हा गाठीला तेवढे पैसे ठेवून या. रजा आगाऊ देता का, हेही विचारता येतं, पुष्कळ ठिकाणी देतात. उलट इस्पितळात, दुकानात किंवा वृद्धाश्रमात काम मिळालं आणि नेहमीच्या कामाच्या दिवशी सरकारी सुट्टी आली, तर त्या दिवशी काम केल्यास दीडपट पगार आणि वर एक बदली रजा मिळते.

आता समजा तिकीट काढून झालंय. मग या तीन आठवड्यांकडून कामाची अपेक्षाच ठेवू नका. ते माणसांसाठी ठेवा. कोणी जेवायला बोलावलं तर 'बघू' म्हणू नका, जा.

मी पुण्याची, नवरा वसईचा, ख्रिस्ती. त्याच्या घरी नाताळ म्हणजे आपली दिवाळीच: कंदील, करंज्या, केक, नवे कपडे आणि अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. नणंद हॅमिल्टनला राहते, ऑकलंडपासून सव्वाशे किलोमीटर. 24 ला दुपारी आम्ही तिच्याकडे जातो. गोठ्याचा बाळ येशू वसईहून आणलेला, प्लास्टरचा, एका पायाचा अंगठा उडालेला. खाली अंथरायला वसईच्या शेतातला पेंढा न्यावा अशी सासूबाईंची फार इच्छा होती, पण तो इथे विमानतळावरूनच परत गेला असता. मग नणंदेने आवारातलं गवत कापून तीन दिवस उन्हात वाळवलं. आता दर वर्षी तेच करते. कोपऱ्यात खऱ्या पाइनचं झाड असतं, त्याच्या चिकाचा वास खोलीभर पसरतो. चर्चमधली मिस्सा, म्हणजे नाताळची प्रार्थना, मध्यरात्रीची असते. परत आल्यावर केक, आणि सकाळी साडेसातला चहाचा कप घेऊन सगळे मोबाइलभोवती बसतात. इथे आणि भारतात या दिवसांत साडेसात तासांचा फरक असतो, म्हणजे इथल्या 25 च्या सकाळी वसईत नुकते रात्रीचे बारा वाजलेले असतात. सासूबाई फोन वर धरून गावची रोषणाई दाखवतात. मी यातल्या कशातच वाढले नाही, तरी आता याशिवाय माझा डिसेंबर पुरा होत नाही.

पेंढ्यावरून आठवलं. येताना बॅगेत फराळ आणाल, तर प्रवेशाच्या फॉर्मवर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करा. मध आणता येत नाही. दूध-तुपाचे पदार्थ, बिया, ताजी फळं यांबाबत विमानतळावरचे अधिकारी फार कडक आहेत, ट्रेकच्या बुटाला लागलेली मातीसुद्धा चालत नाही. जाहीर केलेली वस्तू नको असेल तर ती फक्त काढून घेतात. लपली किंवा नुसती सांगायची राहून गेली, तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. आई-बाबा भेटायला येतील तेव्हा त्यांनाही हे दोनदा सांगा, कारण आपल्या आया डबे कुठे कुठे ठेवतात हे त्यांनाच ठाऊक.

25 च्या सकाळी आम्ही परत निघतो. वर्षातला सगळ्यात मोकळा रस्ता त्या सकाळी मिळतो. दुपारी शेजारच्या आजींकडे जेवण असतं. पहिल्या वर्षी त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, 'तुमचे कोणी इथे आहेत का?' मी म्हटलं, नणंद आहे, पण ती त्या दिवशी कामावर आहे. त्या म्हणाल्या, मग एक वाजता या आणि 'ब्रिंग अ प्लेट'. याचा अर्थ नीट ध्यानात ठेवा: रिकामी ताटली नाही, सगळ्यांना वाटून खाता येईल असा एक पदार्थ न्यायचा. मी मटार करंज्या नेल्या. त्यांच्या टेबलावर लवंगा टोचून साखरेच्या पाकात भाजलेला हॅम, लोण्यातले छोटे नवे बटाटे, पुदिना घातलेले वाटाणे आणि मधोमध पाव्हलोव्हा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा फेसाळ, वरून कुरकुरीत केक, त्यावर साय आणि स्ट्रॉबेरी. प्रत्येकाच्या ताटाशी कागदी नळी. शेजाऱ्याने एक टोक धरायचं, आपण दुसरं, ओढलं की फट्‍ होतं आणि आतून कागदी मुकुट निघतो. ऐंशीच्या घरातल्या आजींपासून चार वर्षांच्या नातवापर्यंत सगळे तो मुकुट घालूनच जेवतात. तुम्हीही घाला. तुम्ही शाकाहारी असाल तर बोलावणं आलं त्याच दिवशी सांगा. यजमानांना त्याचं काही वाटत नाही, उलट ऐनवेळी तुम्ही नुसता पाव खाताना दिसलात तर त्यांना वाईट वाटतं. अंडंही चालत नसेल तर तेही वेगळं सांगा, पाव्हलोव्हा अंड्याचाच असतो.

आजींच्या त्या एका जेवणातून आमची पुढची किती कामं झाली! त्यांच्या जावयाने घरमालकाचं नाव सुचवलं, मुलीने दवाखाना सांगितला. पण ते मागाहून. त्या दुपारी आम्ही कोणाच्या तरी टेबलाशी होतो, हेच मला मोठं वाटलं होतं. इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत विस्तारलेल्या कुटुंबाला 'फानाऊ' म्हणतात आणि तो शब्द गोरे लोकही सर्रास वापरतात. नाताळात तो शब्द खरा होताना दिसतो.

फिरण्याचं म्हणाल तर शहरातलं बरंचसं फुकट आहे. फ्रँकलिन रोडवरची घरं डिसेंबरभर रोषणाईने सजतात, पण संध्याकाळी सातला जाऊन उपयोग नाही. सूर्य मावळायलाच पावणेनऊ होतात, म्हणून साडेनऊला जा. दिवसा तामाकी ड्राइव्हने मिशन बेपर्यंत चालत जा. समुद्राकाठी पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललेली असतात, इथे त्याला नाताळचं झाडच म्हणतात. त्याच्या फुलाला पाकळ्या अशा दिसतच नाहीत, नुसते केसर, आपल्या शिरीषासारखे. ते गळून खाली पायवाट लाल होते. मला तिथे पुण्यातल्या उन्हाळ्यातल्या गुलमोहराची आठवण येते.

हॅमिल्टनला गेलात तर तिथली बाग चुकवू नका. देशोदेशीच्या बागा एकाला लागून एक रचल्या आहेत, त्यात मुघल धाटणीचा चारबागही आहे. बाहेरगावच्यांना आतल्या भागाला तिकीट पडतं. पुढे रोटोरुआला माझा मावसभाऊ असतो, आम्ही 27 ला पहाटे निघून त्याच्याकडे जातो. तिथे कुइराऊ पार्कमध्ये जमिनीतून वाफा येतात आणि गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसता येतं, पैसे लागत नाहीत. वहिनी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ घेते, आम्ही तास दोन तास तिथेच गप्पा मारत बसतो. गंधकाचा वास पहिल्या दिवशी डोक्यात जातो, दुसऱ्या दिवशी जाणवत नाही.

इथल्या कोरोमंडल द्वीपकल्पावरचा हॉट वॉटर बीच मात्र ठरवून करायची गोष्ट आहे. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढ्याच वेळात वाळूत खड्डा खणला की खालून गरम पाणी येतं. फावडं घेऊन जा, भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघा. आमच्या पहिल्या खेपेला शेजारच्या खड्ड्यात एक कुटुंब होतं, त्यांनी आपल्या खड्ड्याची भिंत आमच्या बाजूने मोडून दिली आणि म्हणाले, एवढं कशाला खणता, या इकडेच.

ऊन आणि पाणी या दोन्हींशी इथे खेळू नका. हवा वीस-बावीस अंशांची, वारा गार, म्हणून नाशिकच्या माणसाला ऊन वाटतच नाही. पण इथली अतिनील किरणं फार तीव्र आहेत आणि सावळी कातडीही भाजते. एसपीएफ 50 चं सनस्क्रीन लावा, टोपी घाला. पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, जिथे जीवरक्षक असतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला आत ओढ असते. अपघात झालाच तर उपचाराच्या खर्चात एसीसी ही सरकारी योजना मदत करते, पाहुणा असला तरी. दवाखाने बंद असताना सल्ल्यासाठी हेल्थलाइनचा 0800 611 116 हा मोफत नंबर फोनमध्ये टाकून ठेवा. तातडीचं असेल तर 111.

गाडीशिवाय अडचण होईल. गेली काही वर्षं ऑकलंडच्या लोकल या दिवसांत रुळांच्या कामासाठी बंद असतात, त्याऐवजी बस धावतात, वेळ दुप्पट धरा. गाडी भाड्याने घ्यायची तर आत्ताच ठरवा. दक्षिण बेटावर गाडी नेणारी वेलिंग्टन-पिक्टन बोटही तशीच, आणि सरकारी कॅम्पसाइट तर त्याहून आधी भरतात. रस्त्यावर कधी किती गर्दी असेल याचा तासातासाचा अंदाज वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर असतो. 26 ची सकाळ टाळा, ऑकलंडबाहेर पडणारी गर्दी तेव्हा असते. 25 ला मोठी दुकानं कायद्यानेच बंद, म्हणून दूध, पाव, कांदे-बटाटे 24 च्या दुपारपर्यंत भरा. सुट्टीच्या दिवशी उघडी असलेली हॉटेलं बिलावर बहुधा 15 टक्के जादा लावतात.

31 च्या रात्री स्काय टॉवरवरचे फटाके बघायला कुठल्याही उंच जागेवर जा. इथे बारा वाजतात तेव्हा नाशिकला दुपारचे साडेचार. घरी फोन लावा, चहाची वेळ असेल.

तुमची तारीख पक्की झाली की कळवा. 24 ला दुपारी बाराला आम्ही हॅमिल्टनला निघतो, गाडीत मागच्या दोन जागा रिकाम्या असतात. नणंदेकडे गाद्या पुष्कळ आहेत आणि आजींना मी एक वाजता चौघं येतोय म्हणून सांगेन. काय खात नाही तेवढं आधी लिहा.