उसना न्यूट्रल आणि पॅसेजमधला दिवा

प्रश्न : दादरच्या एका जुन्या इमारतीत आमची सदनिका आहे. दुरुस्तीच्या वेळी डीबीमध्ये (घराच्या वीजवाटपाच्या पेटीत) दोन आरसीसीबी (प्रवाहाची गळती दिसताच आपोआप पडून वीज तोडणारे स्विच) बसवले, एक हॉल व स्वयंपाकघरासाठी आणि दुसरा बेडरूमसाठी. तेव्हापासून पॅसेजमधला दिवा लावला की कधी हॉलचा, तर कधी बेडरूमचा आरसीसीबी पडतो. पॅसेजच्या दोन्ही टोकांना या दिव्याचे टू-वे स्विच आहेत, म्हणजे तो कुठूनही लावता-विझवता येतो. वायरमनने एक आरसीसीबी बदलून पाहिला आणि आता तो काढूनच टाकू, असे म्हणतो. काय करावे?

उत्तर : आरसीसीबी काढू नका, आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तो आपले काम चोख करीत आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो पाहतो, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 मिलिअँपिअरच्या दरम्यानच्या फरकाला पडतो. आपल्या दिव्याला फेज एका विभागाचा आणि न्यूट्रल जवळच्या जोडणीच्या पेटीतून घेतलेला दुसऱ्या विभागाचा मिळत असणार. यालाच उसना न्यूट्रल म्हणतात. टू-वे स्विचच्या जुन्या वायरिंगमध्ये वायर वाचवण्याची ही काटकसर सर्रास आढळते. 9 वॅटचा एलईडी दिवासुद्धा किमान 40 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. तो फरक दोन्ही आरसीसीबींना दिसतो, पण जो आधी पडतो तो दिवा विझवतो आणि दुसरा वाचतो. म्हणून कधी हा पडतो, तर कधी तो.

खरा धोका आरसीसीबी पडण्यात नाही. बेडरूमचा एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास फेज तोडणारा स्विच) बंद करून कोणी तिथल्या पेटीतला न्यूट्रल सोडवला आणि त्याच वेळी हॉलच्या फेजवर असलेल्या पॅसेजमधल्या दिव्याचा स्विच कोणी चालू केला, तर सोडवलेले टोक दिव्यातून येणाऱ्या 230 व्होल्टने जिवंत होते. त्याआधी टेस्टर लावला तर तो विझलेलाच दिसतो, त्यामुळे अनुभवी माणूसही फसतो.

तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मेन स्विच आणि दोन्ही आरसीसीबी बंद करून, दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने वीज नसल्याची खात्री झाल्यावर, सर्व उपकरणांचे प्लग काढावेत आणि पंखे-दिव्यांचे स्विच बंद करावेत. प्रथम डीबीतील दोन्ही न्यूट्रल लिंकच्या (एकेका विभागाच्या न्यूट्रल वायरी जिथे जोडतात त्या पट्ट्यांच्या) दरम्यान मल्टिमीटर लावावा. तो जवळजवळ शून्य ओहम दाखवत असेल, तर दोन्ही न्यूट्रल घरात कुठेतरी एकत्र जोडलेले आहेत. मात्र तसे असते तर पंखा लावला तरी आरसीसीबी पडला असता, आणि तशी तक्रार आपण केलेली नाही. डीबीतच एखादी न्यूट्रल वायर चुकून दुसऱ्या लिंकवर बसली आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

उसना न्यूट्रल मात्र या चाचणीत सापडत नाही, कारण तिथे दोन्ही न्यूट्रल जोडलेले नसतात. त्यासाठी पॅसेजच्या होल्डरमध्ये 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून स्विच चालू ठेवावा (एलईडीमधील ड्रायव्हरमुळे मीटरवर विश्वासार्ह आकडा येत नाही), मेन स्विच व आरसीसीबी बंदच ठेवून सर्व एमसीबी चालू असावेत, आणि हॉलच्या फेजपासून आधी हॉलच्या, मग बेडरूमच्या न्यूट्रलपर्यंत ओहम मोजावेत. दुसऱ्या जोडीत शंभराच्या आतले ओहम दिसले आणि पहिलीत काहीच दिसले नाही, तर दोष सिद्ध झाला. नसल्यास बेडरूमच्या फेजपासून हेच मोजमाप करावे. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन वायरचे इन्सुलेशन तपासणारे उपकरण) वापरायचा असेल, तर सर्व एलईडी काढून ठेवावेत. 500 व्होल्टच्या चाचणीत त्यांचे ड्रायव्हर जळू शकतात.

दुरुस्ती म्हणजे दिव्याचा फेज ज्या विभागाचा आहे, त्याच विभागाचा न्यूट्रल तिथपर्यंत नवीन ओढणे. दोन्ही न्यूट्रल एकमेकांना जोडून वेळ मारून नेण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो नाकारावा. काम झाल्यावर त्याच होल्डरमध्ये तो 60 वॅटचा बल्ब लावून पाहावा. त्याचा प्रवाह सुमारे 0.26 अँपिअर असल्याने राहिलेला दोष लगेच उघड होतो, लहान एलईडीवर तो लपून राहू शकतो.