हेडलाइट उघडून पुन्हा सील केला आणि आत पाणी शिरले; भरपाई कोणाकडे मागावी?

आपण नाशिकमधील एका खासगी गॅरेजमध्ये मोटारीचे दोन्ही हेडलाइट उघडून आत प्रोजेक्टर (भिंगातून झोत एकवटणारे दिवे) बसवून घेतले, काचा पुन्हा सील झाल्या, एकूण २२,००० रुपये यूपीआयने दिले, आणि पहिल्याच जोराच्या पावसात डाव्या दिव्यात बोटभर पाणी साचले. गॅरेजवाला "पावसाळ्यात एवढं होतंच" म्हणतो आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली आहे. भरपाई कोणाकडे मागावी, असे आपण विचारता.

माझ्या मते ती गॅरेजकडे मागावी, परंतु सील करण्याच्या कामापुरतीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) नुसार नियमांत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा झोत खाली वळवलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ सांगतो. त्यामुळे प्रोजेक्टरचे पैसे परत मागितले, तर बेकायदा काम आपणच करवून घेतले, हा बचाव गॅरेजच्या हाती आयता पडेल. उलट उघडलेला दिवा पाणी शिरणार नाही असा बंद करून देणे हे स्वतंत्र आणि कायदेशीर काम आहे. ते निष्काळजीपणे झाले असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे ती सेवेतील त्रुटी ठरते. तक्रारीत प्रोजेक्टरची गोष्ट लपवू नका. ती स्वतःहून सांगितली, तरच मागणीची ही मर्यादा ग्राहक आयोगाला पटेल.

गॅरेजवाल्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणून सावध राहा. दिवा तापला की आतली हवा फुगते, निवला की बाहेरची दमट हवा श्वासछिद्रातून आत ओढली जाते, आणि काचेवर धुके धरते; असे धुके दिवा लावून ठेवल्यावर निवळते. तळाशी साचलेले पाणी मात्र वेगळी गोष्ट सांगते: काच बसते त्या खाचेतला जुना बुटाइल (काच चिकटवणारा रबरासारखा मऊ पदार्थ) नीट न काढता त्यावर नवा थर दाबला, काच पुरती तापवून बसवली नाही, किंवा व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरले, ज्याच्या वाफेने परावर्तकाचा (प्रकाश पुढे फेकणाऱ्या आतल्या आरशाचा) चकचकीत मुलामाही खराब होऊ शकतो. नेमके काय घडले हे ती खाचच सांगेल, म्हणून दिवा दुसऱ्या कोणाकडूनही आत्ता उघडून घेऊ नका. आधी तारीख दिसेल असे फोटो आणि चित्रफीत काढा, गॅरेजला लेखी नोटीस देऊन त्यांच्या माणसासमोर तपासणीची वेळ ठरवा, आणि त्रयस्थ मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या. पक्के बिल नसले तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे बोलणे उपयोगी पडेल. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडावे.

नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सीलिंगची मजुरी, पाण्याने बिघडलेला परावर्तक व कनेक्टर यांचा खर्च आणि त्रासाबद्दल माफक रक्कम एवढेच मागावे.

कंपनीविरुद्ध हेडलाइटसाठी भांडण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण उघडलेल्या दिव्याची हमी ती घेणार नाही. पण त्याच कारणाने इंजिनाची किंवा एसीची वॉरंटी नाकारली असेल, तर वॉरंटी पुस्तिकेतील नेमके कलम दाखवणारे लेखी कारण मागा.

तपासणी उरकताच मूळ रचनेचा नवा दिवा बसवून घ्या. तोवर रात्री ही मोटार रस्त्यावर काढू नका. पाण्यातून विखुरणारा झोत समोरच्या दुचाकीस्वाराला दिपवतो आणि आपल्याला कडेचा पादचारी दिसत नाही.