युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांचं स्मारक कापडातून होऊ शकतं का?

हो, आणि दगडापेक्षा जास्त बोलकं. युरोपातल्या कोसोव्हो या छोट्या देशाचंच बघा. 1998-99 च्या युद्धात तिथे बलात्कार झालेल्यांची संख्या अंदाजे 20,000 सांगतात. त्यातल्या बहुतेकजणी वर्षानुवर्षं गप्प राहिल्या, कारण लाज त्यांच्याच माथी मारली गेली.

12 जून 2015 ला अल्केता जाफा-म्रिपा या कलावतीने राजधानी प्रिश्टिनाच्या फुटबॉल मैदानावर धुण्याच्या दोऱ्या बांधल्या आणि लोकांनी दिलेले सुमारे 5,000 झगे नि स्कर्ट चिमट्यांनी वाळत घातले. नाव दिलं ‘तुझा विचार करतेय’. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष आतिफेते याह्यागा यांनीही आपला झगा दिला होता.

‘घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत’ असं आपल्याकडेही म्हणतात ना? इथे धुणं मुद्दाम चव्हाट्यावर आणलं, तेही स्वच्छ धुतलेलं. डाग त्या बायकांवर नाहीच, हे शब्दाविना कळतं. आणि जागाही पुरुषांची मानली जाणारी, म्हणजे स्टेडियम! फुलाफुलांचा झगा, शेजारी काळा स्कर्ट, वाऱ्याने दोन्ही फुगलेले, आत अंग नाही. मला तर फोटो बघूनच गलबलून आलं. पीडितांपैकी काहींनी स्वतःचे कपडे दिले होते, पण कुठला कोणाचा हे कळायची सोय नव्हती. नाव न सांगता हजर राहता आलं.