हरला तरी आपलाच संघ

प्रश्न : ताई, माझ्या लेकीच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ एक सामना दणक्यात जिंकतो आणि पुढचा दुबळ्या संघाकडून हरतो. ती खेळत नाही, पण आम्ही बापलेक दोन वर्षं एकही सामना चुकवलेला नाही. आता जीव विटलाय. जाणं थांबवावं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दादा, थांबू नका. मी ११ वर्षं माझ्या जुन्या कॉलेजच्या मुलींचे सामने बघतेय, म्हणून हक्कानं सांगते. कॉलेजचा संघ कधी मुरतच नाही. तीन वर्षांत पोरी पदवी घेऊन जातात, जूनमध्ये नव्या येतात. पास कुठे द्यायचा हे जरा डोळ्यांना कळायला लागतं, तोवर परीक्षा येते.

शेवटची १० मिनिटं नीट बघा. पाय थकले की फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक, रिंगच्या अलीकडेच पडतो. रेष बोर्डापासून जेमतेम ४.६ मीटरवर, समोर अडवायला कुणी नाही, तरी चुकतो. हात तोच असतो, गुडघ्यातला जोर संपलेला असतो. सरावानं तो येतो, पण त्याला वेळ लागतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही एका गुणानं हरलो. शेवटचा फ्री थ्रो चुकलेली मुलगी सिमेंटच्या पायरीवर बसून बुटाची गाठ सोडत होती. बोटांना चिकटपट्टी, गाठ काही सुटेना. मी खाली बसून सोडवली. तिनं एवढंच विचारलं, "काकू, शनिवारी येणार ना?"

गेले. तुम्हीही लेकीला घेऊन जा, आणि पुढच्या रांगेत बसा.