छोटे पास की लांब चेंडू, कोणती शैली सरस?
छोटे पास खेळतो तोच खरा फुटबॉल, हे मला अजिबात पटत नाही. 2010 चा विश्वचषक स्पेनने छोट्या पासांवर जिंकला, ते देखणंच होतं. पण 2018 मध्ये रशियाविरुद्ध त्याच स्पेनने हजाराहून जास्त पास दिले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये सामना गमावला. चेंडू आडवाच फिरत राहिला, समोरचा बचाव फुटलाच नाही.

लांब चेंडू म्हणजे आंधळा फटकाही नव्हे. 2014 ची स्पेन-नेदरलँड्स लढत आठवा: नेदरलँड्सच्या डेली ब्लिंडने डावीकडून, मध्यरेषेजवळून बचावफळीच्या डोक्यावरून पास टाकला आणि व्हॅन पर्सीने हवेत झेपावत हेडरने तो स्पेनचा गोलरक्षक कासियासच्या डोक्यावरून जाळ्यात धाडला. केवढी अचूकता लागते त्याला! प्रतिस्पर्धी वर चढून दाबत असेल, तर त्याच्या मागची मोकळी जागा वापरायलाच हवी.